तर त्याला

फोन कापला गेला तेव्हा नवऱ्याचं वाक्य अर्धंच झालं होतं.

रविवारचा फोन. आठवड्यातून एकदा, तुरुंगातल्या रांगेत त्याचा नंबर लागला की अकराच्या सुमाराला यायचा. पहिली चार मिनिटं म्हाताऱ्या सासऱ्यानं खाल्ली. म्हाताऱ्याला ऐकू कमी यायचं, म्हणून पलीकडच्यालाही कमीच येत असणार अशी त्याची ठाम समजूत. "जेवलास का?" एवढंच तो असं ओरडला की अंगणात सावलीला पडलेलं कुत्रं उठून चालू लागलं. मग चिमणीनं शाळेतल्या कवायतीचं सांगितलं, मधेच अडली, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पोरीला तोडायचं तरी कसं? शेवटी चिमणीच्या आईच्या हातात फोन आला तेव्हा नवरा घाईघाईनं बोलत होता.

"अगं, नीट ऐक. कुणी माझं नाव सांगून घरी आलं, तर त्याला—"

टूं टूं झालं. आणि ती रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात बोलली, "आपल्या खात्यातील शिल्लक संपली आहे."

"तर त्याला काय?" ती म्हणाली. "अहो, तर त्याला काय?"

"काय म्हणाला?" सासऱ्यानं खाटेवरून विचारलं.

"काही नाही मामंजी. बरा आहे म्हणाले."

तुरुंगातला फोन कुठल्याशा कंपनीनं चालवायला घेतला होता. घरच्यांनी आधी पैसे भरायचे, मग आतल्यानं बोलायचं. वर्षभरात दोनदा दर वाढला होता. अंड्यांच्या शेडमध्ये तिनं एक तास राबावं तेव्हा त्याचं एक मिनिट व्हायचं. भेटीला जायचं तर जाऊन-येऊन दोन दिवस, आधी अर्ज, त्यावर शिक्का. पत्र तीन आठवड्यांनी पोचायचं, तेही कुणीतरी वाचून, काटछाट करून. म्हणजे पुढच्या रविवारपर्यंत ते वाक्य तसंच लटकत राहणार होतं.

तर त्याला आत घे? की तर त्याला दारात उभा करू नकोस?

नवरा कोंबड्यांच्या खाद्याचा ट्रक चालवायचा. दीड वर्षापूर्वी गोदामावर ट्रक मागे घेताना एक हमाल भिंत आणि ट्रकच्या मधे सापडून मेला. ब्रेक धड नव्हता हे मालकालाही ठाऊक होतं. पण आदल्या रात्री नवरा प्यायला होता हेही खरं होतं. तीन वर्षांची शिक्षा लागली. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात हमालाचा धाकटा भाऊ तिच्याजवळ आला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. वेळ विचारावी तसा म्हणाला, "घर माहीत आहे आम्हाला." आणि निघून गेला. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर तिला एवढी भीती वाटली नसती.

सोमवारी पहाटे पाचला ती शेडवर गेली. त्या आठवड्यात उन्हानं कहर केला होता. छताच्या पत्र्यावर ओली गोणपाटं टाकली होती, पंखे गरगरत होते, तरी कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकत होत्या. दहा वाजले की एकेक मान पिंजऱ्याच्या तारेवर पडायला लागायची. अंडी कमी, मर जास्त. चार बायांना मुकादमानं आधीच घरी बसवलं होतं.

तो ट्रे मोजत असताना ती जवळ जाऊन उभी राहिली.

"थोडे आगाऊ मिळाले असते तर."

"पंधरवड्याला अजून नऊ दिवस आहेत. काय एवढी निकड?"

आजूबाजूला बाया अंडी निवडत होत्या. "फोन," ती हळू म्हणाली.

"हां, ट्रकवाल्याशी गप्पा मारायच्यात." मुकादम हसला. दोघीतिघी हसल्या, बाकीच्यांनी खाली बघितलं. "मेलेल्या काढायला माणूस मिळेना झालाय. काम झाल्यावर दोन तास खड्ड्यावर जाशील? बुधवारी हातात ठेवतो."

ती गेली. शेडच्या मागे माणूसभर खोल खड्डा होता. पायांना धरून कोंबड्या ढकलगाडीत भरायच्या, खड्ड्यात ओतायच्या, वर चुना टाकायचा. मेलेली कोंबडी पिसांमुळे हलकी दिसते, हातात जड लागते. काही धड मेलेल्याही नसायच्या. पहिल्या दिवशी तिला तिथंच ओकारी आली. दुसऱ्या दिवशी आली नाही. चुन्यानं बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. हात कितीही धुतले तरी वास जाईना. चिमणी जेवताना म्हणाली, "आई, तू कालवून देऊ नकोस, मीच कालवते."

बुधवारी ती पैसे घेऊन फोनच्या दुकानात गेली. आत पाच-सहा गिऱ्हाइकं होती.

"कुठे भरायचेत?" दुकानदारानं विचारलं.

तिनं चिठ्ठी पुढे केली.

"अक्षर लागत नाही. कैदी क्रमांक सांगा."

तिनं सांगितला.

"मोठ्यानं बोला, बाई."

तिनं मोठ्यानं सांगितला. एकेक आकडा. मागे उभ्या असलेल्या माणसानं आपल्या मुलाला जवळ ओढून घेतलं.

"शनिवारपर्यंत चढतील," दुकानदार म्हणाला. "नाही चढले तर माझ्याकडे येऊन भांडायचं नाही. सगळं वरून असतं."

गुरुवारी दुपारी तो आला.

खालच्या रस्त्यावर डांबराचं काम चालू होतं, गाड्या दोन्हीकडून थांबवल्या होत्या, त्यामुळे एरवी कानी न पडणारा पावलांचा आवाज तिला चढणीपासूनच ऐकू आला. एकाच माणसाची पावलं. दोन पावलं टाकून थांबणारी. तिनं पुढचं दार लावून घेतलं, चिमणीला खाटेमागे बसवलं आणि दाराच्या फटीला डोळा लावला.

पन्नाशीचा, बारीक, डोक्यावर केस भादरलेले. अंगात नवा सदरा, घडीच्या रेघा तशाच. हातात कापडी पिशवी. त्यानं दार वाजवलं नाही. दारापासून चार हातांवर उभा राहिला आणि वाट बघू लागला. किती वेळ? ती फटीतून बघतेय आणि तो उभाच.

शेवटी घसा साफ करून म्हणाला, "ट्रकवाल्याचं घर ना हे?"

तिनं फटीवरून डोळा हलवला नाही.

"मी त्याच्याबरोबर होतो. आत. काल सुटलो. त्यानं इथं जायला सांगितलं."

"कोण आलंय?" म्हाताऱ्यानं खाटेवरून आवाज टाकला. बाहेरच्याला ऐकू न जाण्याचा प्रश्नच नव्हता.

तिनं दाराशी तोंड नेलं. "कोण तुम्ही? त्यांनी कधी सांगितलं नाही."

"मला आत शिंपी म्हणतात."

नवऱ्याच्या तोंडून हे नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं. त्या मोजक्या मिनिटांत आतल्या माणसांची नावं घ्यायला जागाच कुठे होती? म्हातारा जेवलास का विचारायचा, पोर शाळेचं सांगायची. तिचा नवरा दीड वर्ष कुणाशेजारी झोपतो, कुणाशी बोलतो, हे तिला काहीच माहीत नव्हतं. त्या हमालाच्या भावानंही याला पाठवलेलं असू शकतं. नाव काय, कुणीही कुणाचंही सांगेल.

"चिमणी शाळेतून आली का?" बाहेरचा म्हणाला.

मागून पोरीनं "आई" म्हटलं, तिनं हातानंच गप्प केलं.

"मागच्या दाराची कडी लागत नाही ना नीट? तो म्हणाला होता. मी म्हटलं, बघतो. तिकडून येऊ का?"

ती धावली. मागच्या दाराशी दळणाची कोठी ओढली, तिच्यावर खाद्याचं पोतं रेटलं, आणि स्वतः त्याला पाठ लावून बसली.

"इकडे येऊ नका!" ती ओरडली. "मी माणसं बोलवीन!"

पावलं जागची हलली नाहीत. जरा वेळानं तो म्हणाला, "बरं. नाही येत. थोडं पाणी मिळेल का?"

"पाणी दे की बाई त्याला," म्हातारा म्हणाला. "उन्हातून आलाय."

"तुम्ही गप्प बसा!"

लग्न होऊन आल्यापासून ती सासऱ्याला असं कधी बोलली नव्हती. म्हाताऱ्यानं हे मात्र बरोबर ऐकलं. भिंतीकडे तोंड करून पडला.

मग आवाज आला, "रविवारी त्याचा फोन येईल. तेव्हा विचारा त्याला. मी खाली बसथांब्यावर आहे."

रविवारचंही त्याला माहीत होतं.

त्याच्या पावलांचा आवाज विरला तरी ती पोत्याला टेकून बसून राहिली. चिमणी येऊन मांडीत शिरली, एवढी नऊ वर्षांची घोडी.

"आई, तो चोर होता?"

"माहीत नाही."

"बाबांनी पाठवला म्हणाला."

"माहीत नाही म्हटलं ना!"

घराच्या खिडकीतून खालचा थांबा दिसायचा. रस्त्याच्या पलीकडे पत्र्याचं छप्पर, सिमेंटचं बाकडं. तो खरोखर तिथं जाऊन बसला होता. तिनं खिडकीला चादर बांधली. विळा उशाशी घेतला. शुक्रवारी चिमणीला शाळेत न धाडता शेडवर सोबत नेलं, तेही शेताच्या बांधावरून, लांबचा फेरा घालून. म्हाताऱ्याच्या हाताशी काठी दिली. तो काठीकडे बघत म्हणाला, "हिनं मी स्वतःला सावरू का त्याला मारू?"

रस्त्याचं काम उरकलं होतं. दोन दिवस तुंबलेल्या गाड्या आता एकीमागून एक सुटल्या होत्या. खडीचे ट्रक तर थांबायचं नावच घेत नव्हते.

शेडवर तिच्या शेजारी काम करणारी मावशी रस्त्यानंच यायची. अंड्याला तडा आहे का ते उजेडात धरून बघत ती म्हणाली, "थांब्यावर कोण माणूस आहे गं? कालपासून बसलाय. बस आली तरी चढत नाही."

"काय करतो?" तिनं विचारलं.

"काही नाही. उठतो, रस्त्याच्या कडेपर्यंत येतो, तुमच्या घराच्या बाजूला तोंड करून उभा राहतो. परत जाऊन बसतो. मी गेले तेव्हा तेच, आले तेव्हा तेच. पाळत ठेवल्यासारखं वाटलं बाई मला."

तिच्या हातातलं अंडं फुटलं. मुकादमानं लांबून बघितलं आणि वहीत लिहून घेतलं.

शनिवारी दुपारी तिनं चादरीचा कोपरा उचलून बघितलं. तो बाकड्यावर आडवा झाला होता. पुन्हा बघितलं तेव्हा कडेला उभा होता, हात डोळ्यांवर धरून, तोंड इकडे. तिनं कोपरा झटकन सोडला. दुकानातून अजून पैसे चढल्याचा निरोप नव्हता. निरोप आला पाचला. घरात तिला पहिल्यांदा धड श्वास घेता आला. आता फक्त उद्याचे अकरा वाजायला हवे होते.

रविवारी शेड बंद नसते, कोंबड्यांना रविवार कळत नाही; एरवी तिला सुट्टी मिळायची, पण मर वाढल्यामुळे ह्या रविवारी बोलावलं होतं. शेडमध्ये फोन न्यायची मनाई होती, सगळ्यांचे फोन मुकादमाच्या पत्र्याच्या पेटीत. ती म्हणाली, आज माझा माझ्याजवळ राहू दे.

"मग आत येऊ नकोस. खड्ड्यावर जा. तिथं काय करायचं ते कर."

चिमणीला मावशीजवळ बसवून ती खड्ड्यावर गेली. तो दिवस सगळ्यात वाईट होता, दोनशेच्या वर मेल्या होत्या. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. तिला वाटलं, आज नंबर लागला नाही. मग वाटलं, आत काहीतरी झालं. त्याला आतच कुणी गाठलं, आणि इकडे थांब्यावर हा बसलाय. ती ढकलगाडी खड्ड्यात उलटी करत असताना कमरेला फोन थरथरला.

"हा फोन तुरुंगातून आहे. संभाषण नोंदवले जात आहे. स्वीकारण्यासाठी एक दाबा."

बोटं चुन्यानं आणि घामानं भरलेली. तिनं दाबलं, लागलं नाही. डोक्याच्या रुमालाला बोट पुसून दाबलं, तरी लागलं नाही. "स्वीकारण्यासाठी एक दाबा," बाई पुन्हा म्हणाली. तिनं फोन तोंडाजवळ धरला आणि नाकानं एक दाबला.

"हॅलो?"

"अहो!" तिचा आवाज फुटला. "तर त्याला काय?"

"काय?"

"त्या दिवशी अर्धं राहिलं तुमचं. कुणी नाव सांगून आलं, तर त्याला, आणि पुढे कापलं."

तो विचारात पडला. चक्क आठवत होता. इकडे तिच्या डोळ्यांसमोर सात दिवस गेले. "हां," तो म्हणाला. "शिंपी गं. तर त्याला दोन दिवस ठेवून घे, असं म्हणत होतो. मला वाटलं ऐकलंस तू. आला का?"

ती खड्ड्याच्या कडेला खाली बसली.

"त्याला जायला कुणी नाही. म्हटलं दोन दिवस राहील, तेवढ्यात मागची कडी बसवून देईल, हात चांगला आहे त्याचा. मला ताप होता तेव्हा बारा दिवस ह्यानंच केलं माझं. तोंडात पाणीसुद्धा त्यानं घातलं."

"तुम्हाला ताप होता? कधी?"

"झालं आता. जुनं झालं."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय काय सांगू? सांगायला मिनिटं लागतात." मग त्याचा आवाज बदलला. "अगं, आला होता ना तो?"

"आला होता."

"मग?"

"मी दार नाही उघडलं." तिनं एका दमात सांगून टाकलं. "पाणी मागितलं, तेही दिलं नाही. मला वाटलं, त्या हमालाच्या माणसांनी पाठवलंय कुणाला. त्यानं चिमणीचं नाव घेतलं. कडीचं बोलला. मी घाबरले हो."

पलीकडे कुणीतरी भांडत होतं, लोखंडी दार आपटलं. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. त्या श्वासाचेही पैसे जात होते, पण हे तिच्या मनात नंतर आलं.

"घाबरणारच तू," तो म्हणाला. "चूक माझी. आधी हेच बोलायला हवं होतं. कुठे गेला मग तो?"

"कुठे नाही. थांब्यावर बसलाय तीन दिवस. कडेपर्यंत येतो, घराकडे बघतो, परत जातो."

"घराकडे नसेल बघत. तुमच्या बाजूला नळ आहे ना?"

आहे. रस्त्याच्या अलीकडे, चढण सुरू होते तिथं.

"त्याला रस्ता ओलांडता येत नाही गं," नवरा म्हणाला. "एकोणीस वर्षं आत होता. मला म्हणायचा, बाहेर गेलो की मला गाड्यांचीच भीती."

तीन दिवस. ह्या उन्हात. तिला गुरुवारची दुपार आठवली. तेव्हा गाड्या थांबवलेल्या होत्या.

"अहो, मी ठेवते."

"अजून सहा मिनिटं आहेत."

"राहू देत. ठेवते मी."

दीड वर्षात तिनं आपणहून फोन कधी ठेवला नव्हता.

मुकादमानं मागून हाका मारल्या. तिनं खड्ड्यावरची प्यायच्या पाण्याची घागर कमरेवर घेतली आणि निघाली. बांधावरून नाही, सरळ रस्त्यानं. पाणी हिंदकळून अर्धं अंगावर सांडलं. रस्ता भट्टीसारखा तापला होता, नव्या डांबराला चपला चिकटत होत्या. ती पळत होती आणि मनात एकच होतं. तिथं पोचल्यावर तो तारेवर मान टाकल्यासारखा पडलेला असला, तर?

तो बाकड्याखाली पडला होता, सावलीच्या पट्ट्यात. पिशवी डोक्याखाली. ओठ फुटलेले, डोळे अर्धे मिटलेले. तिनं नाकाजवळ हात धरला. हाताला चुन्याचा वास एवढा होता की त्यानंच तो शुद्धीवर आला असावा. डोळे उघडले, समोर बाई बघितली, आणि धडपडत उठून बसत त्यानं दोन्ही हात वर केले. रिकामे तळवे तिच्याकडे करून.

"जातो," तो म्हणाला. जीभ टाळ्याला चिकटत होती. "जातो ताई. काही केलं नाही मी. फक्त बसलो होतो."

"पाणी घ्या आधी," ती म्हणाली. तिनं त्याचे हात खाली घेतले, घागर कलती करून ओंजळीत पाणी दिलं. पहिलं पाणी हनुवटीवरून सांडलं. मग घोटघोट गेलं. तिनं डोक्याचा रुमाल सोडला, ओला करून त्याच्या मानेवर ठेवला, उरलेलं पाणी टाळूवर ओतलं. नवा सदरा भिजला तशी त्यानं तो घाईनं अंगापासून वर धरला.

"आवाज ओळखला," जरा वेळानं तो म्हणाला. "दारातला."

"हो."

"फोन आला त्याचा?"

"आला. माझं चुकलं."

"नाही नाही," तो म्हणाला. "बरोबर केलंत. मला बघून मीसुद्धा दार उघडलं नसतं." हे त्यानं इतक्या मनापासून म्हटलं की तिला रडू आलं, आणि ते तिनं ओठ दाबून अडवलं.

"चालता येईल का?"

"येईल. पण..." त्यानं रस्त्याकडे बघितलं. खडीचे ट्रक धुरळा उडवत जात होते. त्यांच्यामधून दुचाकी, एक ट्रॅक्टर, पुन्हा ट्रक. त्याचा हात बाकड्याच्या कडेवर घट्ट होता, नखं पांढरी पडली होती. ही भ्यालेल्या माणसाची बोटं, एवढंच तिला कळलं.

"गेले दोन दिवस कडेपर्यंत जातो," तो म्हणाला. "नळ दिसतो. पाय निघत नाही. पलीकडून लोक बघतात, लाज वाटते."

घागर कमरेवर आणि दुसऱ्या हातात त्याचं मनगट, अशी ती कडेला उभी राहिली. मनगट लाकडासारखं बारीक होतं, आतली नाडी उडत होती. समोरून ट्रक आला तसा त्यानं मागं ओढलं. तीही दचकली. गोदामावर काय झालं होतं ते तिला ह्या क्षणी आठवायला नको होतं.

"तुम्ही गाड्यांकडे बघू नका," ती म्हणाली. "माझ्याकडे बघा. मी सांगते तेव्हा."

"तुम्हाला नाही भीती वाटत?"

"वाटते ना."

एक ट्रक गेला. दुसरा गेला. मधे जरा जागा झाली, पण तिचाही पाय उचलेना, आणि ती जागा गेली. तिसरा ट्रक गेला, धुरळ्यानं दोघांचे डोळे मिटले. धुरळा बसला तेव्हा रस्ता वळणापर्यंत मोकळा होता.

"चला," ती म्हणाली, आणि दोघं निघाली.